राघव की राघो?

सध्या राघव हे नाव फार जोरात आहे. बागेत कुणी "राघव, पुरे आता!" म्हणून ओरडलं की घसरगुंडीवरची दोन-तीन डोकी तरी वळतात. बालवाडीत आडनावाचं आद्याक्षर जोडून भागवतात, राघव के., राघव पी. मधल्या काळात ही पाळी अथर्व मंडळींवर आली होती.

तर भावाला मुलगा झाला. नाव रामाचंच हवं, असं आईचं म्हणणं. राघव सोडून काहीही चालेल, असं वहिनीचं. बाबांनी लगेच रघुनाथ पुढे केला. र. धों. कर्व्यांमधला र तोच, डॉ. माशेलकरही रघुनाथच. नाव भारदस्त खरं, पण तीन किलोच्या जिवाला आजोबांचा कोट चढवल्यासारखं वाटतं. नुसतं रघू ठेवावं? रघू, अज, दशरथ, राम, म्हणजे थेट रामाच्या पणजोबांचं नाव. पण आम्ही मुंबईचे. इथे रघूच्या मागे 'भाई' चिकटायला वेळ लागत नाही.

मी म्हटलं, राघो ठेवा. जुन्या कागदांत नारायणाचा नारो होतो, मोरेश्वराचा मोरो होतो, तसा रघुनाथाचा राघो. सुटसुटीत, ओळखीचं, आणि वर्गात दुसरा मिळायचा नाही.

बाबा मूळचे पुण्याचे. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "राघोबादादा? उद्या घरात 'काका, मला वाचवा' ऐकायचंय का?"

आता बघा, अटकेपार झेंडे आपण रोज लावतो. बारावीच्या निकालापासून अमेरिकेच्या व्हिसापर्यंत कुठेही लावतो. पण १७५८ साली मराठी फौज घेऊन उत्तरेत गेलेल्या राघोभरारीला त्याचं श्रेय द्यायची वेळ आली की सगळ्यांना नेमकं १७७३ आठवतं. नारायणरावाचा खून, 'ध'चा 'मा', शनिवारवाडा. खून झाला तो झालाच, राघोबाची वकिली मला करायची नाही. पण एका माणसापायी नावच वाळीत टाकायचं? जात्यावरच्या ओव्यांत तर लेक म्हणजे राघू आणि लेकीचं नाव मैना. दळणाऱ्या बायांनी या नावावर इतकी माया केली आहे, की शनिवारवाड्याचा हिशेब त्यापुढे किरकोळ वाटावा. हे मी बाबांना सांगितलं. "ओव्यांत राघू आहे, राघो नाही," ते म्हणाले. पुण्याचा माणूस उकारही सोडत नाही.

अखेर दाखल्यावर रघुनाथ आणि हाक मारायला राघो, असा तह झाला. तहाची हौस राघोबादादांनाही होतीच. १७७५ साली त्यांनी सुरतेला इंग्रजांशी केलेला तह त्यांना काही फळला नाही, आमचा बरा टिकेल असं दिसतंय.

बारशाला बायका पाळण्याखालून बाळ देता-घेता "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत होत्या. एकाच कृष्णाची दोन नावं, कुणालाच अडचण नाही! मग आत्या म्हणून मी वाकले आणि कानात कुर्र करून आधी राघोच म्हटलं. रघुनाथ म्हणेपर्यंत पाठीत इतके धपाटे बसले की ते नाव बाळापर्यंत पोचलं की नाही, देव जाणे.

जेवताना बाबांनी भावाला बाजूला घेतलं. "एकावरच थांबा," म्हणाले. "भाऊ नसला की पुतण्याचा प्रश्नच येत नाही."