तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीचा जुना रंग हातानं का खरवडला

"एवढं हातानं खरवडत कशाला बसलात? वरून रंगाचे दोन हात मारले असते की झालं!" गेलं वर्षभर हे मी क्लबात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत ऐकते आहे. विचारणारी माणसं वाईट नाहीत. पण माझं अर्धं वाक्य होतं न होतं तोच "अहो, तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर आपण मुद्दाम पितो" असं म्हणून हसतात आणि विषय बदलतात. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते.

बोट कशी मिळाली, ट्रेलरवर घाट चढून कशी आली, पुण्याजवळच्या पानशेत धरणात ती चालवण्याच्या परवानगीसाठी किती कागद फिरले, हे पुन्हा सांगत नाही. इथे एवढंच पुरे की ती फायबरची शिडाची बोट आहे, माझी आणि धाकट्या भावाची सामाईक, आणि मुंबईच्या बंदरात वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली आहे. त्यामुळे तिच्या तळाला अँटिफाउलिंग रंगाचे, म्हणजे समुद्रातले जीव चिकटू नयेत म्हणून लावतात त्या तांबं घातलेल्या रंगाचे, थरावर थर चढलेले होते. काळ्याखाली निळा, निळ्याखाली विटकरी.

वरून हात मारण्याचं उत्तर सोपं आहे. नवा रंग खालच्या थराच्या जिवावर टिकतो. खालच्यानं जेलकोट, म्हणजे फायबरवरचा पातळ गुळगुळीत थर, सोडला असेल तर वरचा कितीही महागाचा आणा, पापुद्र्यासकट निघून येतो. शिवाय हा रंग ज्याच्यासाठी लावतात तो बार्नॅकल, तळाला चिकटून बसणारा कवचाचा जीव, समुद्रातला; गोड्या पाण्यात तो नाहीच. आमची बोट सकाळी पाण्यात जाणार आणि संध्याकाळी ट्रेलरवर परत येणार. तळाला शेवाळ धरलंच तर ओल्या फडक्यानं पुसता येतं. तिला हा रंग नव्यानं लावण्यात काही अर्थच नव्हता.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे आणि तो भाऊ विचारतो: "ताई, नवा नको तर नको. आहे तो राहू दे ना!"

सुरुवातीला मीही हेच म्हणत होते. माझा हिशोब असा होता: पानशेत धरण साडेदहा टीएमसीच्या वरचं, खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून एकोणतीसच्या आसपास. उन्हाळ्यात पेपरात रोज वाचून हे आकडे पुणेकराला पाठ असतात. एवढ्या पाण्यात एका बोटीचं तांबं कुठल्या कुठे जाईल. पुढे ते पाणी आंबी नदीतून खडकवासल्यात येतं, तिथून पर्वतीला शुद्ध होतं, मग आपल्या नळाला. या हिशोबातली एकही गोष्ट खोटी नाही, आणि तो मांडणाऱ्या तेव्हाच्या मला आज खोडून काढता येईल असं वाटत नाही. तरी मी त्यावर थांबले नाही. तळ साफ करूनच घेऊ असं ठरलं, ते मुख्यतः बोट हलकी आणि गुळगुळीत व्हावी म्हणून. काम सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका शेडमध्ये दिलं. तिथे जे पाहिलं ते तुम्हा विचारणाऱ्यांपैकी कुणालाच मी आजवर नीट सांगितलेलं नाही.

मालकांशी बोलणं स्पष्ट झालं होतं. सुकं घासायचं नाही. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) आणि पाणी, खाली ताडपत्री, तोंडाला कार्ट्रिजवाला मास्क. दोन मास्क मी स्वतः नेऊन दिले होते. एका दुपारी जादा कागद द्यायला न कळवता गेले, तर बाहेर रस्त्यापर्यंत ग्राइंडरचा आवाज येत होता. पत्र्याच्या फटीतून विटकरी धूर निघत होता.

आत एक पोरगा, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, बोटीखाली गोणपाटावर उताणा पडून डोक्यावरचा तळ ग्राइंडरनं घासत होता. घासलेलं सगळं त्याच्या तोंडावर पडत होतं. नाकातोंडावर रुमाल बांधलेला. रुमाल लाल-निळा झालेला, आणि मधोमध श्वासानं ओला होऊन एक गडद वर्तुळ उमटलेलं. पापण्यांचे केससुद्धा लाल. मी जाऊन प्लग काढला. लाइट गेली असं वाटून तो तसाच पडून राहिला. मग मला बघून उठून बसला आणि रुमाल खाली ओढला. नाकपुड्यांपासून ओठापर्यंत दोन ओल्या विटकरी रेघा.

"त्रास होतोय का रे?"

"न्हाई मॅडम. तोंड जरा गोडूस लागतंय बगा, तांब्याचा पैसा चोखल्यावानी."

तो बाजूला थुंकला. थुंकीही त्याच रंगाची. बाहेर पाण्याचं पिंप उघडं होतं आणि पाण्यावर बारीक धुळीची साय धरली होती. त्याच पिंपात पेला बुडवून तो पाणी प्यायला. पिंपाच्या कडेला त्याचा डबा, फडक्यात बांधलेला, त्या फडक्यावरही तेच. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं प्लगकडे हात नेला, कारण संध्याकाळपर्यंत एक बाजू संपवायला सांगितली होती.

मालक आले. "मॅडम, गाड्यांचा रंगही आम्ही असाच घासतो. पोरगं तरणं आहे, काय होत नाही त्याला." मास्क कुठे आहेत विचारलं, तर टेबलाच्या खणातून पॅकिंगसकट काढून दाखवले. पोरांना त्यात गुदमरतं म्हणे.

गाडीचा रंग गाडी सुंदर दिसावी म्हणून असतो. हा रंग चिकटणारा जीव मरावा म्हणून असतो. त्यात मुख्य माल क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याचा, आणि तळाचा तो विटकरी रंग बहुधा त्याचाच. शिवाय बोट जुनी, सगळ्यात खालचे थर कोणी कधी लावले ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. एके काळी अशा रंगांत ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं जहाल विषारी संयुग घालत. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत त्यापायी कालवांच्या शिंपा जाड आणि वेड्यावाकड्या होऊ लागल्या, धंदा बुडायला आला, तेव्हा तिथे १९८२ मध्ये छोट्या बोटींवर या रंगाला बंदी आली. जगभरच्या जहाजांसाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. आमच्या बोटीखाली टिन होतं असं मी म्हणत नाही. नव्हतं असं कोण म्हणणार? आणि तो पोरगा ते तोंडानं ओढत होता.

मी ठरलेले सगळे पैसे दिले, डॉक्टरकडे जाण्यासाठी त्याच्या हातात वेगळे दिले आणि दुसऱ्या दिवशी बोट उचलून आणली. तो डॉक्टरकडे गेला की नाही, मला माहीत नाही. पुन्हा त्या बाजूला गेले तेव्हा शेडमध्ये दुसराच पोरगा होता.

भाऊ म्हणतो, तू भावनेच्या भरात काम थांबवलंस, दुसरं बरं वर्कशॉप शोधायला हवं होतंस. शोधलं. भोसरीला ब्लास्टिंगवाले आहेत, ते लोखंडी कास्टिंगला वाळू किंवा छर्रे मारतात. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर वाळू मारली की रंगाबरोबर जेलकोटही जातो आणि खालचे फायबरचे काचेचे धागे उघडे पडतात. बोहरी आळीतला साधा पेंट रिमूव्हरही नको, त्यात बहुतेक वेळा मेथिलीन क्लोराइड असतं आणि ते जेलकोटही मऊ करतं. हीट गनचं तेच. मग राहतं काय? फायबरला चालणारं सौम्य रिमूव्हर, कार्बाइडची पाती आणि हात.

म्हणून हातानं. पात्याचे कोपरे आधी कानशीनं गोल करून घेतले, नाहीतर ते जेलकोटमध्ये रुततात. पातं आडवं धरून स्वतःकडे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही. रिमूव्हर जाड लावून वर प्लॅस्टिक अंथरायचं म्हणजे ते सुकत नाही, आणि मग घाई करायची नाही. बराच वेळ ठेवलं की काळा आणि निळा एकत्र ओघळून येतात. विटकरी मात्र हट्टी, त्याला शेवटी वॉटर पेपरच. घासलेलं पाणी ताडपत्रीवर धरायचं, वाळू द्यायचं, चोथा गोणीत. गटारात थेंब नाही. हे काम मला आवडत होतं, हेही सांगून टाकते. निळ्याखालून पांढरा जेलकोट हातभर उघडा झाला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

आणि त्या विटकरी थराखालीच ते फोड सापडले. किलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, उजव्या बाजूला, तुरीच्या डाळीएवढे. एक टोचला तर आतून दाबानं पाणी उडालं, बोटाला तेलकट लागलं, वास व्हिनेगरचा. ही ऑस्मोसिस: वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यानं पाणी जेलकोटमधून आत झिरपतं, रेझिनमधले काही घटक त्यात विरघळतात आणि ते आणखी पाणी ओढून घेत राहतं. आता ते फोड उघडून, धुऊन, पूर्ण सुकवून इपॉक्सीनं भरायचे आणि वरून इपॉक्सीचेच थर द्यायचे. वरून रंगाचे दोन हात मारले असते तर हे झाकलं गेलं असतं. हे उत्तर तुम्हाला सगळ्यात लवकर पटतं, कारण यात बोटीचं नुकसान दिसतं. माझं पहिलं कारण हे नव्हतं, तरी हल्ली घाईत असले की मी हेच सांगून सुटते.

आता तांब्याच्या भांड्याचं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. माणसाचं यकृत जादा तांबं बाहेर टाकतं, म्हणून रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी तुम्हाला बाधत नाही. गोगलगायीला, पाणपिसूला, माशाच्या पिल्लाला मात्र लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही बाधू शकतात, आणि पाणी जितकं मऊ तितकं जास्त. टीएमसीचा हिशोब सगळं पाणी एकत्र ढवळून केलेला असतो. पण पिल्लं तेवढ्या पाण्यात पसरलेली नसतात, ती काठाच्या उथळात असतात. आम्ही बोट पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा ट्रेलरला घासून निळे-विटकरी कपचे त्याच उथळातल्या चिखलात पडले होते, आणि चार हातांवर बायका धुणं धूत होत्या. भाऊ म्हणाला, एवढ्यानं काय होतंय. मी तेव्हा काही बोलले नाही. आजही एवढ्यानं नेमकं काय होतं हे त्याला आकड्यात दाखवता येत नाही. तो त्याच्या जागी ठाम, मी माझ्या, आणि इपॉक्सीचा खर्च अर्धा-अर्धा.

खरवडलेला सगळा माल अजून माझ्याकडे आहे, गोण्यांत, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून. एक पिशवी चुकून सोसायटीच्या सुक्या कचऱ्याजवळ ठेवली गेली होती. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई तिची गाठ सोडून हातानं चाचपून बघायला लागल्या, कारण वेगळं करणं हे त्यांचं रोजचं काम. मी धावत जाऊन घेतली. "रंगच आहे ना मॅडम, द्या की," त्या म्हणाल्या. नाही दिली. रांजणगावच्या एमआयडीसीत घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायची सोय आहे, पण ती कारखान्यांच्या मालासाठी. एका घरातल्या काही गोण्या तिथवर रीतसर कशा पोचवायच्या, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. ज्यांनी मला विचारलंत, त्यांच्यापैकी कुणाची एखाद्या कंपनीच्या पर्यावरण विभागात ओळख असेल आणि त्यांच्या मालाबरोबर या गोण्या जाऊ शकत असतील, तर मला कळवा. वाहतुकीचा खर्च मी देईन.