उजवा कोपरा

लेन्सबरोबर आलेल्या चिठ्ठीत तीनच ओळी होत्या. "उजवीकडचे डोंगर मऊ येतात. लेन्स हलकी आहे, त्यामुळेच असणार. चार दिवसांनी दहा दिवसांच्या ट्रेकला निघतेय, एफ/२.८ ची जड लेन्स घ्यावी म्हणते, कोणती घेऊ?"

मऊ म्हणजे अस्पष्ट. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं उघडतं. दुरुस्तीच्या टेबलावर हलक्या झूम लेन्स बहुतेक अशाच येतात, निदान आधीच ठरवून. ही लेन्स २४ मिमीपासून सुरू होणारी, फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण शेवटी दोष कंपनीचा निघाला नाही.

आधी काट्यावर ठेवली. कॅटलॉगमध्ये वजन ४८० ग्रॅम, पण आली तशी ६८५ भरली. कॅटलॉगमधला आकडा नुसत्या लेन्सचा असतो. त्यावर हूड ३२, दोन्ही झाकणं मिळून २८, यूव्ही फिल्टर २४, चमक कापणारा फिल्टर, म्हणजे पोलरायझर, ३१ आणि जाड फोमचा पाऊच ९०. पाठीवर सॅक घेऊन चालणारी माणसं दोन लेन्समधल्या शंभर ग्रॅमवर रात्र-रात्र खल करतात आणि पाऊचचे नव्वद ग्रॅम मोजतच नाहीत.

मग फिल्टर काढायला गेलो तर तो अर्ध्या आट्यावर अडला. फिल्टरच्या आट्यांच्या कडीला एका बाजूला पोचा होता, नखाला जाणवेल इतकाच. लेन्स लांब टोकाला, म्हणजे सर्वांत जास्त झूमवर नेली, बॅरल (पुढची नळी) पूर्ण बाहेर काढली आणि पुढची कडी दोन बोटांत धरून हलवली. बाहेर येणाऱ्या प्रत्येक झूममध्ये थोडी ढिलाई असतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ती सगळ्या दिशांना सारखी हवी. इथे वर-खाली नावापुरती होती आणि आडवी चांगली कटकट वाजत होती.

तेवढ्यावर निकाल देता येत नाही. चाचणी गच्चीवर केली, सकाळी लवकर, कारण ऊन तापलं की हवा लहरते आणि आठशे मीटरवरची कुठलीही गोष्ट कुठल्याही लेन्समधून मऊ दिसते. समोर तेवढ्या अंतरावर जाळीचा मोबाइल टॉवर आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. टॉवर फ्रेमच्या मध्यभागी घेऊन स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस करायचा, आणि मग फोकस रिंगला हात लावायचा नाही. तोच टॉवर एकेक करून चारही कोपऱ्यांत न्यायचा आणि प्रत्येक ठिकाणी दोन फोटो काढायचे, एक पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, एक एफ/८ ला. हे २४ ला, मधल्या टप्प्यावर आणि लांब टोकाला, म्हणजे मधले धरून तीस फोटो. वीस मिनिटांचं काम.

विटांची भिंत या कामाला वापरू नये. कॅमेरा भिंतीला किंचित तिरका राहिला तरी एक बाजू जवळ येते, दुसरी लांब जाते आणि निरोगी लेन्स रोगी ठरते. ट्रेकचे फोटोही पुरावा म्हणून चालत नाहीत. उजवीकडचा डोंगर मऊ दिसतो तो कधी कधी जवळ असल्यामुळे, कधी त्याच्यावर धुकं असल्यामुळे. तोच टॉवर चारही कोपऱ्यांत नेला की ही सबब उरत नाही.

२४ ला उजवे दोन्ही कोपरे मऊ आले, एफ/८ लाही. डावे कोपरे ठीक. मधल्या टप्प्यावर जवळपास सगळं सारखं. लांब टोकाला मात्र डावी बाजू मऊ! झूम करताना मऊपणाने बाजू बदलली की समजावं, आतल्या भिंगांचा एखादा गट तिरका झालाय. खात्रीसाठी उजव्या कोपऱ्यातच टॉवर ठेवून नव्याने फोकस केला. जाळीची एकेक पट्टी सुटी दिसायला लागली, आणि आता डावी बाजू गेली. नव्याने फोकस केल्यावर कोपरा सुधारतो तेव्हा भिंग कललेलं असतं. कितीही फोकस केला तरी कोपऱ्यातले ठिपके शेपूट फुटल्यासारखे दिसत राहिले, तर भिंग बाजूला सरकलेलं असतं. पहिलं बरं होण्याची आशा जास्त. त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून चारही कोपरे पाहिले, ते सारखे आले. म्हणजे बॉडीचा माउंट (लेन्स अडकते ती कडी) आणि सेन्सर निर्दोष.

अकरा वाजता चिठ्ठीवाल्या बाई स्वतः आल्या, मेमरी कार्ड घेऊन. मी विचारलं, "लेन्स कुठे आपटली होती?"

"आपटली नाही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "खडकावर चढताना सॅकच्या पट्ट्याला क्लिपवर कॅमेरा होता. घासला असेल."

तिथेच उलगडा झाला. क्लिपवर कॅमेरा अडकवला की लेन्सचं तोंड खाली. चालताना हादऱ्यांनी बॅरल आपोआप घसरत बाहेर येते, हे बऱ्याच हलक्या झूममध्ये होतं आणि सगळ्यांना लॉकचं बटण नसतं. बाहेर आलेल्या बॅरलच्या टोकाला खडक लागला की तो धक्का लांब दांड्यावर जोर दिल्यासारखा आत पोचतो. बॅरल आत असती तर बहुधा हूडवर ओरखडा येऊन भागलं असतं. यूव्ही फिल्टरने काही वाचवलं नाही. आट्यांत घट्ट बसलेला असल्यामुळे त्याने धक्का जसाच्या तसा कडीला दिला. अशा वेळी प्लॅस्टिकचा हूड कामाला येतो. तो वाकतो, वेळप्रसंगी तुटतो, आणि तुटताना धक्का खातो.

त्यांना तरीही एफ/२.८ हवी होती. म्हणून कार्डवरचे मागच्या ट्रेकचे निवडलेले फोटो फोकल लेंथप्रमाणे, म्हणजे मिमीच्या आकड्याप्रमाणे, लावले. दर तीनपैकी दोन २४ ते ३५ च्या मध्ये. ८५ च्या पुढचे मोजकेच, तेही दूरच्या कड्यांचे थर दाखवणारे. अ‍ॅपर्चर एफ/८ पासून एफ/१६ पर्यंत, आणि त्याहून जास्त उघडलेले दोनच, ताऱ्यांचे. एफ/२.८ साठी पुढचं भिंग मोठं लागतं, बॅरल जाड होते, फिल्टरचा व्यास ८२ मिमीपर्यंत जातो. दहा दिवस ते सगळं उचलायचं आणि अ‍ॅपर्चर रोज एफ/८ वर बंद करून ठेवायचं.

बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं. टेबलावर आठशे ग्रॅमची एफ/२.८ झूम होती. तिने २४ ला, एफ/८ वर टॉवर घेतला. त्यांच्या लेन्सने फक्त डाव्या बाजूला फोकस करून तोच टॉवर घेतला, म्हणजे लेन्सचा निरोगी अर्धा भाग. दोन्ही फाइल्स नावं झाकून शंभर टक्क्यांवर शेजारी शेजारी लावल्या. मध्याच्या तुकड्यांत त्यांनी दोनदा चुकीचं बोट ठेवलं. अगदी कोपऱ्यात जड लेन्स ओळखू आली, तिथे ती खरंच थोडी सरस होती. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर एवढाच फरक. ४५ वर तो जरा जास्त उघडा पडेल, हे मी त्यांना सांगून टाकलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या फोटोंतच खटकली, लेन्सशी संबंध नसलेली. पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून त्या सरसकट एफ/१६ लावत होत्या. तिथे प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरतो म्हणून, प्रत्येक बिंदूची साधारण २१ मायक्रॉनची तबकडी होते. त्यांच्या सेन्सरचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू साडेतीन पिक्सेलवर पसरतो. एफ/८ ला हीच तबकडी ११ मायक्रॉनच्या आत राहते. २४ मिमीला एफ/११ वर साधारण २.६ मीटरवर फोकस केला तर १.३ मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं. हा हिशोब सेन्सरवरचा ०.०२ मिमीपर्यंतचा ठिपका स्पष्ट धरण्याच्या कडक मापाने केलेला. बहुतेक तक्त्यांत ०.०३ धरतात, मोठ्या प्रिंटला ते सैल पडतं. या लेन्सवर अंतराचे आकडे नाहीत, तेव्हा आपल्यापासून तीन-चार पावलांवरच्या दगडावर फोकस करायचा.

तरी दुसरी लेन्स घ्यायचीच झाली तर काय, यावर मग निवांत बोलणं झालं. जवळपास प्रत्येक माउंटमध्ये हलक्या झूमचे काही गट पडतात. अगदी छोट्या: निकॉनची २४-५० एफ/४-६.३ फक्त १९५ ग्रॅम, कॅननची २४-५० एफ/४.५-६.३ २१०, सोनीची २८-६० १६७. मग एफ/४ च्या: निकॉन २४-७० ५०० ग्रॅम, सोनी २०-७० ४८८. मग लांब पल्ल्याच्या: निकॉन २४-२०० ५७०, सोनी माउंटची टॅमरॉन २८-२०० ५७५. कॅननच्या दोन २४-१०५ शेजारी ठेवल्या की हलकेपणा कुठून येतो ते कळतं. एफ/४ वाली ७०० ग्रॅम आणि ७७ मिमी फिल्टर, एफ/४-७.१ वाली ३९५ ग्रॅम आणि ६७ मिमी.

माझं मत विचाराल तर आधी रुंद टोक बघावं. २८ मिमीला आडवा कोन साधारण ६५ अंश, २४ ला ७४, २० ला ८४. कागदावर चार मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण कड्याच्या टोकावर मागे सरकायला जागा नसते. त्यांच्या कार्डवर २४ ला घेतलेले कितीतरी फोटो नंतर दोन-दोन जोडून रुंद केलेले होते. अशा माणसाला २०० मिमीपेक्षा २० मिमी जास्त उपयोगी, म्हणून घ्यायचीच तर २०-७० च्या जातीची घ्या म्हटलं. लांब टोकाची उणीव क्रॉप करून थोडी भरून काढता येते, रुंद टोकाची कातरकाम करून भरत नाही.

हलकेपणाची किंमत शार्पनेसमध्ये कमी आणि इतरत्र जास्त मोजावी लागते. काही लेन्सचं रुंद टोक सॉफ्टवेअरच्या भरवशावर असतं. दुरुस्ती न केलेल्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, कडा पिंपासारख्या फुगलेल्या आणि कोपरे काळे दिसतात. दुरुस्ती करताना कोपऱ्यातले पिक्सेल ताणले जातात, म्हणून तुलना नेहमी दुरुस्तीनंतरच्या फाइलवर करावी. प्लॅस्टिकचा माउंट मला फारसा सलत नाही, दोनशे ग्रॅमच्या लेन्सला तो पुरतो. माउंटभोवती रबराची पातळ कड नसली तर मात्र सलतं. टॉर्च मारून मागून पाहिलं की ती लगेच दिसते. बाहेर येणारी झूम भात्यासारखी हवा ओढते, आणि दमट हवेत दिवसभर झूम करत राहिलं की ती ओल आतच राहते. रात्री थंड लेन्स उबदार तंबूत न्यायची तर बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करावी आणि पिशवी तंबूतल्या हवेइतकी झाल्यावर उघडावी. दव मग पिशवीवर धरतं.

ताऱ्यांचा प्रश्न उरला. एफ/६.३ च्या मानाने एफ/२.८ पाचपट प्रकाश घेते, इथे हलकी झूम हरते यात वाद नाही. पण दोन रात्रींसाठी तीनशे ग्रॅम जादा वाहण्यापेक्षा २० मिमी एफ/२.८ ची छोटी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, बरी, टॅमरॉनची २२० ग्रॅमची आहे. त्या म्हणाल्या, "या वेळी अमावास्या ट्रेकच्या आधीच आहे." मग तोही विषय संपला.

दुपारी लेन्स उघडली. पुढची बॅरल खाचांतून तीन छोट्या रोलरवर सरकते, एकमेकांपासून १२० अंशांवर. प्रत्येक रोलरभोवती नायलॉनची बारीक कॉलर असते, तिच्यामुळे रोलर खाचेत घट्ट बसतो. एका कॉलरला उभी चीर गेली होती. तेवढ्याने बॅरल एका बाजूला मिलिमीटरचा दहावा भागही खाली बसली नसेल, पण रुंद टोकाला तेवढं तिरकेपण पुरतं. त्याच मॉडेलची एक मोडीत निघालेली लेन्स कपाटात होती. तिच्या तिन्ही कॉलर काढून घातल्या. एकच बदलली तर झिजलेल्या दोन आणि घट्ट एक असा नवाच कल तयार होतो. कडीचा पोचा लाकडी ठोकळ्याने बाहेर दाबला, आटे साफ केले.

संध्याकाळी टॉवर लहरत होता, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी सकाळवर ठेवला. साडेसहाला पुन्हा तीस फोटो. २४ ला चारही कोपरे एका तोलाचे आले. लांब टोकाला डावा वरचा कोपरा उघड्या अ‍ॅपर्चरला अजून जरासा मागे होता, एफ/८ ला तो भरून निघाला. तसं चाचणीच्या कागदावर लिहून दिलं.

यूव्ही फिल्टर त्यांनी घरी ठेवायचं ठरवलं. पाऊचही. लेन्स लोकरीच्या टोपीत गुंडाळणार, टोपी तशीही सॅकमध्ये असणारच. झूम रिंग आणि स्थिर बॅरल यांच्या सांध्यावर मी सिलिकॉनचा रुंद पट्टा चढवला आणि लेन्स तोंड खाली करून झटकली. बॅरल जागची हलली नाही. हूड, झाकणं, पोलरायझर सगळं लावून काट्यावर ठेवली तर ५७५.

"पट्ट्याचे किती?" त्यांनी विचारलं.

चार ग्रॅम.