बोटीखालचे दुकान

उत्तराखंडातल्या नव्या टिहरीत चहा ओतता ओतता दुकानदार आजोबांनी खालच्या जलाशयाकडे बोट दाखवले आणि ती मोटारबोट चालली आहे तिथे आपले जुने दुकान होते, असे पत्ता सांगावा इतक्या सहजपणे सांगितले.

भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमावरचे जुने टिहरी २००५ च्या सुमारास २६०.५ मीटर उंच धरणामागे बुडाले आणि गाव डोंगरावर आले. भरपाईविषयी आजोबा फारसे बोलले नाहीत; नदीकाठच्या सपाट बाजारात रोज भेटणारी माणसे आता चढ-उतारामुळे महिनोन्‌महिने दिसत नाहीत, एवढेच म्हणाले. (चहा उत्तम होता.)

त्या धरणाची वीज आणि पाणी दिल्लीपर्यंत जाते, त्याचा हिशेब चोख असतो. आपल्या कोयना-उजनीच्या विस्थापितांचे असे नुकसान तरी कोणी कधी मोजले का?