वॉटर कूलर रात्री कोणासाठी चालतो?

आमच्या अकोल्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र म्हणजे एक मोठा हॉल, लागून दोन खोल्या, संडास-बाथरूम आणि वर उघडी स्लॅब. मी बँकेतून निवृत्त झालो एवढ्याच कारणावरून कोषाध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच मे महिन्यात बिल आलं ६२० युनिटचं, सहा हजारांच्या वर. सभासद ११०, वार्षिक वर्गणी ३०० रुपये. अशी पाच बिलं भरली की वर्षाची वर्गणी खलास.

कार्यकारिणीत विषय काढला तर सगळे एका सुरात म्हणाले, "सोलर बसवा जी." प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, तिचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान प्रत्येकाने टीव्हीवर ऐकलेलं. पण ते घरगुती जोडणीला, आमचं मीटर संस्थेच्या नावावर. त्यात गच्ची आमची नाही, जागा भाडेपट्ट्याने घेतलेली. ना हरकत पत्रासाठी अर्ज दिला. तो कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला मी तीनदा जाऊन आलो, चहा तेवढा मिळाला.

केंद्रात कामाला येणारा वायरमन पोरगा म्हणाला, "काका, सोलरचं मग बघू. रात्री मीटर किती फिरते ते पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं. त्या रात्री आठला सगळी बटणं बंद करून रीडिंग वहीत लिहिलं. कुलूप लावतानाही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता. सकाळी सातला उघडलं तर चार युनिट वाढलेले. आत चिटपाखरू नाही आणि चार युनिट! महिन्याचे १२० झाले. सगळे आकार धरून आम्हाला युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे बाराशे रुपये रिकाम्या हॉलचे.

वीज पीत होता पिण्याच्या पाण्याचा कूलर. त्याचं बटण मागच्या भिंतीकडे, कोणी कधी बंदच केलेलं नाही. वर एक नळ टपकत होता. गार पाणी थेंबथेंब गटारात, तेवढंच कोमट पाणी टाकीत, आणि कॉम्प्रेसर आपला रात्रभर घरघर करतोय. नळाचा वायसर बदलला, थर्मोस्टॅट मधोमध आणला आणि एक टायमर लावला. रात्री आठला बंद, पहाटे साडेपाचला चालू.

हे लिहायला एक ओळ लागली, करायला तीन आठवडे. कूलरवर पाटी आहे, एका सभासदाच्या वडिलांच्या स्मरणार्थ. "दिलेल्या वस्तूला टायमर लावता?" अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो, वही दाखवली. ते हसले. म्हणाले, "बाबा रिकाम्या खोलीत लाईट दिसला की घर डोक्यावर घ्यायचे. लावा."

मग ट्यूबलाइट. जुन्या चोकवाल्या १४ पट्ट्या, चोकसकट प्रत्येकी ५० वॉटच्या वर. त्या जागी २० वॉटच्या एलईडी. खर्च सव्वातीन हजार, सहा महिन्यांत वसूल. पण पेपर वाचणारे कुरकुरायला लागले, अक्षर दिसत नाही म्हणून. पट्ट्या बारा फुटांवर, आणि सत्तरीच्या डोळ्याला तरुण डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. वाचनाच्या टेबलावरच्या दोन पट्ट्या साखळीने खाली घेतल्या, तेव्हा कुरकुर थांबली.

उत्साहाच्या भरात मी संडासात सेन्सरचा दिवा बसवला. माणूस आत गेला की लागतो, हालचाल थांबली की विझतो. म्हाताऱ्या माणसाला आत वेळ लागतो आणि तो हातवारे करत बसत नाही, हे मला सुचायला पाहिजे होतं. दुसऱ्याच दिवशी आतून आवाज, "अरे, लाईट काऊन घालवला?" अंधारात उठताना ते पडले असते तर? नऊ वॉटच्या दिव्यात मी वाचवणार तरी काय होतो! संध्याकाळी सेन्सर काढला, साधं बटण आणि भिंतीला धरायचा दांडा लावला.

पंख्यांचा हिशेब आधी मला तितका पटला नाही. जुने दहा पंखे ७५ वॉटचे, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ३० वॉटचे. रोज आठ तास चालले तर महिन्याला १०८ युनिट वाचतात, म्हणजे रात्रीच्या कूलरपेक्षाही कमी. आणि खर्च तीस हजार. थंडीचे चार महिने सोडले तर पैसे फिटायला साडेतीन वर्षं. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे निवड सोपी होती. तरी आम्ही एकदम नाही घेतले, पाच त्या वर्षी, पाच पुढच्या वर्षी. जुना रेग्युलेटर मात्र या पंख्यांना चालत नाही, काढावा लागतो. वेग कमीजास्त करायचा तो रिमोटने. एकाला मानेचा त्रास, वारा नको. शेजारच्याला घामाच्या धारा. पूर्वी भांडण रेग्युलेटरपाशी जाऊन व्हायचं, आता खुर्चीत बसून होतं.

मला सगळ्यात जास्त भावला तो चुना. मार्चमध्ये गच्ची झाडून, चुन्यात डिंक कालवून दोन हात मारले. मजुरीसकट साडेचार हजार. दुपारी चारला हॉलमधला थर्मामीटर आदल्या वर्षीपेक्षा दोन-अडीच अंश खाली. पारा पंचेचाळीसला टेकतो तिथे दोन अंश म्हणजे चेष्टा नाही. पत्ते खेळणारी मंडळी पाचऐवजी चारलाच यायला लागली. पावसाने चुना धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, एवढंच.

दहाही पंखे बदलल्यावरच्या मे महिन्यात बिल आलं ३४० युनिटचं. सोलरचा अर्ज मागे घेतलेला नाही, फक्त तीनऐवजी दोन किलोवॉट असा दुरुस्त करून दिला.

रिमोट आता पेपरच्या स्टँडला सुतळीने बांधलेत, प्रत्येकावर नेलपॉलिशने पंख्याचा नंबर. नेलपॉलिश एका काकूंनी नातीचं आणून दिलं. आणि माझ्या जमाखर्चात नवी ओळ आली आहे, 'पेन्सिल सेल'.