गेटवरची हेल्मेटं

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्याने सायकलवर येणाऱ्या कामगारांसाठी माझ्या दुकानाला साठेक हेल्मेटांची ऑर्डर दिली, तेव्हा मी एकच अट घातली. खोकी स्टोअरला टाकून निघणार नाही, प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतः बसवून देईन. पर्चेसवाल्या साहेबांना हे नखरे वाटले. ऑनलाइन स्वस्त पडलं असतं, हेही ऐकवून झालं.

कंपनीचा नियम असा, की हेल्मेट नसेल तर सायकल गेटच्या आत येणार नाही. कायद्यात असं काही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ इंजिनवाल्या दुचाकीसाठी आहे, पायडल मारणाऱ्याला ते लागत नाही. म्हणजे कंपनीने हे आपणहून केलेलं, आणि हेतू चांगला होता हे मी मान्य करतो.

पहिली पाळी सुटायच्या वेळी गेटपाशी टेबल मांडलं. लोकांना वाटतं हेल्मेट म्हणजे टोपी, घातली की झालं. आधी टेपने डोक्याचा घेर घ्यायचा. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं, कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट निव्वळ शोभेचं. दोन्ही पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र यायला हवेत आणि हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढील. मग मागची चकती आवळायची आणि पट्टा न लावता मान हलवायला सांगायची. हेल्मेट डोळ्यांवर आलं तर माप चुकलं. असेंब्लीतल्या बायकांचे अंबाडे हेल्मेटला मागून वर ढकलत होते, त्यांना केस खाली बांधायला सांगावं लागलं. ऑर्डर देताना याचा विचार कुणी केला नव्हता. पेंट शॉपच्या पोरांना मात्र मी दम दिला, नाव लिहायला रंग नको आणि पुसायला थिनर तर मुळीच नको. आतला फोम थर्माकोलच्याच जातीचा, थिनरने विरघळतो, आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

एक पोरगा हसतहसत पुढे आला. पपया नर्सरीजवळ खडीवर घसरला होता, कानशिलावर टाक्यांचा व्रण. त्याला काही पटवावं लागलं नाही.

मग नाना आले. महिरावणीकडून त्र्यंबक रोडने रोज येणारे, निवृत्तीला आलेले, डोक्यावर पांढरी टोपी. हेल्मेट हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, मागून हायवा आला तर हे काय करंल?"

हायवा म्हणजे खडी-वाळूचा मोठा डंपर. मी खरं ते सांगितलं. युरोपच्या ईएन १०७८ मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून पोलादी ठोकळ्यावर पाडतात. आपटण्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. आपण स्वतः तोल जाऊन पडलो तर डोकं साधारण याच वेगाने आपटतं, आणि तिथे हे फार कामाचं. हायवासाठी ते बनलेलंच नाही.

"मग मला हायवाचीच भीती आहे," नाना म्हणाले आणि हेल्मेट परत ठेवलं.

सेफ्टी ऑफिसर माझ्यावर उखडले. "तुम्ही विकायला आलात की बिघडवायला? ऑस्ट्रेलियात सक्ती आहे, माहीत आहे का?" माहीत आहे. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै १९९० पासून आहे. त्यानंतर डोक्याच्या जखमा कमी झाल्या, तशी सायकलवर येणारी शाळकरी पोरंही कमी झाली. यातलं कशामुळे काय झालं, यावर तिथले लोक अजून भांडतात. नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलला हेल्मेट क्वचितच दिसतं, कारण तिथे हायवा आणि नाना एका पट्ट्यात चालत नाहीत. हे मी बोललो नाही, माझं बिल त्यांच्याच सहीने निघणार होतं.

सेफ्टीवाल्या साहेबांनी एक छापील कागद पुढे केला. मी समजून-उमजून हेल्मेट नाकारत आहे, अपघात झाल्यास कंपनी जबाबदार नाही. नानांनी ठसठशीत सही केली. मला वाटलं विषय मिटला. पण वॉचमनने सायकल तरीही आत घेतली नाही. नियम तो नियम. आता नाना सायकल बाहेर चहाच्या टपरीमागे लावतात.

मी स्वतः हेल्मेटशिवाय गल्लीतही सायकल काढत नाही आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागतो. पण हा कागद माझ्या डोक्यातून जात नाही. मर्जी नानांची असेल तर गेट बंद का? आणि सक्तीच असेल तर सही कशाला घेतली? २०२१ मध्ये नाशकात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, अशी मोहीम झाली, तेव्हा पंपावर उसनं हेल्मेट घालून टाकी भरणारे आपण सगळ्यांनीच पाहिले. इथेही परवा हेच पाहिलं. बरेच जण हेल्मेट हँडलला लटकवून येतात आणि गेट दिसलं की डोक्यावर चढवतात. पट्टा लोंबतच असतो.

साहेबांना मी एवढंच सुचवलं, की साठ सायकलींना मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर बसवून देतो, हेल्मेटाच्या मानाने खर्च किरकोळ आहे. अंधारात सुटणाऱ्या पाळीला त्याचा उपयोग जास्त. ते म्हणाले, पुढच्या बजेटला बघू.

नाना मात्र दुसऱ्याच दिवशी दुकानात आले आणि दिवा बसवून घेऊन गेले. पैसे रोख दिले. कंपनीचा चेक अजून यायचाय.