फोटो सगळेच वाचवतात

नवी एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरची वेगवान डिस्क, बसवून विंडोज टाकायला तासभर पुरतो. खरा वेळ खातात त्या पुढचे आठ दिवस एकेक करून आठवणाऱ्या गोष्टी.

फोटो सगळेच वाचवतात. फॉन्ट मात्र कोणाला आठवत नाहीत. मग सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांची फाइल उघडावी, तर ‘अध्यक्ष’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. फाइल धडधाकट असते. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टातला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांत साठवलेला असतो. देवनागरी दिसते ती निव्वळ फॉन्टच्या कृपेनं. तेव्हा सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ आधी उचलून ठेवावं. देवनागरीचे स्वतःचे संकेत वापरणाऱ्या युनिकोडवाल्यांनीही फार हसू नये. कोऱ्या विंडोज १० किंवा ११वर निर्मला हा देवनागरी फॉन्ट असतो, पण मंगल हा जुना फॉन्ट बऱ्याचदा ‘ऑप्शनल फीचर्स’मधून वेगळा घ्यावा लागतो. तोवर मजकूर वाचता येतो, पण ओळी तुटतात आणि चार पानांचा अर्ज पाचव्यावर जातो.

वर्डला वर्षानुवर्षं शिकवलेली आडनावं आणि गावांची नावं ‘कस्टम.डिक’ या फाइलीत असतात आणि ती फाइल ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात. डेस्कटॉप कॉपी करून ती येत नाही.

हे झालं की मग स्क्रू-ड्रायव्हर. लॅपटॉप उघडला की आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, मगच डिस्कला हात. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून सेटअप तयार करून ठेवलेला असतोच. अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढे बऱ्याच लॅपटॉपांवर सेटअपमध्ये डिस्कची यादी कोरीच येते आणि माणूस नवी एसएसडी परत करायला निघतो. ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड असते, एवढंच. लॅपटॉप-कंपनीच्या साइटवरून त्या कंट्रोलरसाठीचा इंटेल आरएसटी हा ड्रायव्हर घ्यायचा, एक्स्ट्रॅक्ट करून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवायचा. वायफायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर असू द्यावा. विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नसतं.

सगळ्यात फसवा प्रकार डेस्कटॉपवर घडतो. जुनी डिस्क जोडलेलीच ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, तर सेटअप बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या, फाइली पुष्कळदा जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच (त्यांच्यासाठी राखलेल्या छोट्या भागात) ठेवतो. सगळं झकास चालतं. महिन्यानं जुनी डिस्क काढली की स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’, आणि दोष मात्र नव्या एसएसडीला. म्हणून विंडोज टाकून होईपर्यंत जुनीची केबल काढलेलीच बरी.

लायसन्सची चिंता बहुतेकांना उगाच असते. विंडोज ८च्या काळापासून, विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची लायसन्स-की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच असते. होमच्या जागी होमच टाकलं की इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेट होतं.

जुनी डिस्क यूएसबी केसात घालून जोडली की आपलाच जुना फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणतो. ‘कंटिन्यू’ दाबून थांबावं. हजारो फाइलींच्या परवानग्या बदलायला वेळ लागतो. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे ना, हे डिस्क काढण्यापूर्वीच पाहावं. आणि त्या डिस्कला फॉरमॅट मारायची घाई नको. टॅलीचा मागचा डेटा, डिजिटल सहीच्या टोकनाचा ड्रायव्हर कुठे होता, हे हिशेबाच्या दिवसांतच आठवतं. निदान एक मार्चअखेर जाऊ द्यावी.