शिंगाची डबी बघायला ओपुवोला

नामिबियाची राजधानी विंडहुक ते वायव्येचं ओपुवो गाव हे सव्वासातशे किलोमीटर एका दिवसात उरकायला जाऊ नका. ओचिवारोंगो, आउट्यो करत पहिला मुक्काम कामांजाबला ठेवा आणि निघताना तिथेच टाकी फुल करा. पुढचे अडीचशे किलोमीटर डांबरी आहेत, पण अंधार पडला की गुरंढोरं रस्त्यावर येतात. ओपुवोत उजेडी पोचायचं.

ओपुवोच्या आसपास राहणाऱ्या, गुरं पाळणाऱ्या हिंबा जमातीच्या बायका अंगाला, केसांना लावतात ते ओचिझे म्हणजे लोण्याच्या चरबीत कालवलेला गेरू. गेरूचे खडे दगडावर वाटतात आणि वासासाठी ओमुझुंबा झाडाची राळ घालतात. आपल्याकडे कुंकू टिकावं म्हणून आधी मेण लावत, तसं इथे गेरूला चरबी धरून ठेवते. ही चरबी ठेवायची डबी गाईच्या शिंगाची, वर चामड्याचं टोपण.

टोपण काढून आत बघा. वापरातल्या डबीच्या आतल्या काठाला लाल, तेलकट थर बसलेला असतो आणि चामडं बोटं लागतात तिथे काळपट, गुळगुळीत होतं. बाहेरून लाल पण आतून कोरडी असेल तर ती बहुधा विक्रीसाठीच केलेली. त्यात वाईट काही नाही, उलट तीच घ्यावी. बाईची रोजची डबी मागू नये. शिंगाला उभी चीर नाही ना, तेवढं पाहा.

वस्तीवर वाटाड्याशिवाय जाऊ नका. ‘मोरो’ म्हणून नमस्कार करा, फोटो विचारूनच काढा. भेट म्हणून मक्याचं पीठ, साखर न्या. मुलांना गोळ्या वाटू नका.

जून ते ऑगस्ट हा काळ बरा. ऑक्टोबरच्या उन्हात गाडीत ठेवलेली भरलेली डबी वितळून टोपणातून गळते आणि गेरूचा डाग कापडातून सहसा जात नाही. डबी उभी, दोन प्लास्टिक पिशव्यांत, सीटखाली ठेवा. घरी गरम पाण्याने धुवू नका, चामडं आकसतं; कोरड्या फडक्याने पुसा. कीड दिसली तर घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा.

परतताना ओपुवो-कामांजाब रस्त्यावर वेर्डाला गुरांचे रोग दक्षिणेत जाऊ नयेत म्हणून पशुवैद्यकीय नाका आहे, तिथे डबी आपणहून दाखवा. कच्चं मांस, कच्चं कातडं दक्षिणेला नेता येत नाही.

सान (बुशमन) जमातीच्या बायकांची कासवाच्या कवचाची पावडरडबी फार देखणी असते: एक तोंड मेणाने बुजवलेलं, अडकवायला चामड्याची वादी. पण कासवाच्या वस्तू देशाबाहेर न्यायला साइट्सचा, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा, निर्यात परवाना लागतो. तो हातात नसेल तर डोळे भरून बघा आणि तिथेच ठेवा.